जाताना फॅन वाढवा

मित्रांनो, मी एक जुनं ग्राफिक्स कार्ड आहे. कार्ड म्हटल्यावर लगेच रेशनकार्ड नाहीतर लग्नपत्रिका डोळ्यांसमोर आणू नका. रामहरी अप्पांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तेच केलं होतं. "येवढं जाड कार्ड? ह्याच्यावर घरातली किती माणसं चढवलीत?" असं त्यांनी विचारलं होतं. मी वीतभर लांब, विटेएवढा जाड आणि अंगावर दोन पंखे बाळगणारा प्राणी आहे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर तुम्हाला जे जे दिसतं, ते रंगवायचं काम माझं. व्याकरणात कार्ड नपुंसकलिंगी असतं हे मलाही ठाऊक आहे. पण माझा मालक सोमेश्वर मला 'पठ्ठ्या' म्हणतो, म्हणून मी 'आलो', 'गेलो' असंच बोलणार. ज्याला पटत नसेल त्यानं वहीत पेन्सिलीनं चित्रं काढावीत.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे सगळे पांढरे डगले घालून काम करायचे आणि कुणी कुणाशी बोलायचं नाही. पुढे मी पुण्याला एका तरुणाकडे गेलो. तो खुर्चीतून न उठता दिवसाला तीन-चारशे राक्षस मारायचा आणि ते सगळे राक्षस मीच रंगवायचो. मेलेले राक्षस पुन्हा रंगवायचा मला फार कंटाळा यायचा. दोन वर्षांनी त्याला नवं कार्ड मिळालं आणि मी एका टॉवेलात गुंडाळून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून बीडजवळच्या मांजरसुंब्याला आलो. ड्रायव्हरनं मला तुरीच्या पोत्यावर ठेवलं होतं. पहाटे फाट्यावर उतरलो तेव्हा ढाब्यांवरून मिसळीचा वास येत होता आणि मला वाटलं, इथे राक्षस नसावेत.

नव्हतेच. सोमेश्वर लग्नाचं शूटिंग करतो आणि त्याचं मिक्सिंग करतो. मिक्सिंग म्हणजे दिवसभराचं लग्न कापून, जोडून, त्यात गाणी घालून त्याचा सिनेमा करणं. त्याचं दुकान म्हणजे पूर्वी त्याच्या वडिलांचं, म्हणजे रामहरी अप्पांचं, किराणा दुकान. गुळाच्या ढेपी जिथे असायच्या तिथे आता माझा डबा आहे. डब्याला एका बाजूनं काच आहे, त्यामुळे मला दुकान दिसतं. सोमेश्वर शूटिंगला गेला की अप्पा गल्ल्यामागे बसतात, पासपोर्ट फोटोवाल्यांना "उद्या या" म्हणतात आणि संध्याकाळी सातला उदबत्ती लावून घरी जातात.

सुरुवातीची वर्षं माझी फार थाटाची गेली. मी नवरदेवांना ढगातून खाली उतरवलं. नवरीच्या पापण्या उघडताच त्यांतून गुलाबाच्या पाकळ्या उडवल्या. एका राजकारणी मामांची तर सोमेश्वरनं माझ्याकडून अशा थाटात एंट्री करून घेतली, की ती पाहून नवरदेव रुसला होता. लोक पडद्याकडे बघून म्हणायचे, "सोम्या, तुझा हात लई भारी." हात त्याचा, मान्य आहे. पण घाम माझा निघायचा.

आणि घामाचंच दुखणं झालं. दुकानावर पत्रा आहे, आणि बीडचा उन्हाळा मी वेगळा सांगायला नको. वय झाल्यामुळे मी जरा काम पडलं की तापायचो आणि मशीन बंद पडायचं. तेव्हा बीडहून प्रविण आला. प्रविण म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, सोमेश्वरचा शाळेतला दोस्त. त्यानं माझ्यासाठी पंखा सांभाळणारं एक सॉफ्टवेअर टाकलं. पडद्यावर पंख्याची एक खूण आली. ती दाबून पट्टी उजवीकडे सरकवली की माझे दोन्ही पंखे जोरात, डावीकडे नेली की हळू. पहिल्यांदा पट्टी पूर्ण उजवीकडे गेली तेव्हा मला जे बरं वाटलं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. आवाज मात्र पिठाच्या गिरणीसारखा झाला. म्हणून ठरलं असं, की दिवसा गाणी जोडताना पंखा मध्यावर ठेवायचा आणि संध्याकाळी सिनेमा पक्का करायला लावला की घरी जाताना अप्पांनी तो पूर्ण जोरात करायचा. पक्का करणं म्हणजे जोडलेल्या सगळ्या तुकड्यांची एकच फाइल बनवणं; त्याला अख्खी रात्र लागते आणि ते काम मी एकट्यानं करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर मशीन बंद. सुरू केलं तर पट्टी पुन्हा पार डावीकडे. सोमेश्वरनं ती उजवीकडे नेली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सेटिंग काही केल्या टिकेना.

आता मित्रांनो, काय होत होतं ते मला बरोबर ठाऊक होतं. पूर्वी उदबत्ती लावून तसेच घरी जाणारे अप्पा आता रोज संध्याकाळी सातला उदबत्ती लावायचे, हात जोडायचे आणि भिंतीवरच्या बोर्डाचं मोठं मेन बटण खाडकन खाली करायचे. इन्व्हर्टर होता, त्यामुळे गावातली वीज गेली तरी मी चालू असायचो, पण त्या बटणापुढे इन्व्हर्टरचंही काही चालायचं नाही. काम करता करता माझा श्वासच तुटायचा. सकाळी मशीन सुरू झालं की ते सॉफ्टवेअर घाबरून एक पाटी दाखवायचं: 'मागच्या वेळी मशीन नीट बंद झालेलं नाही, म्हणून काळजीपोटी सगळी सेटिंग मूळपदावर नेली आहे.' पाटी इंग्रजीत असायची. ती पाटी मीच रंगवायचो, चांगली ठळक. आणि सोमेश्वर चहाचा कप एका हातात धरून दुसऱ्या हातानं तिच्यावर 'ओके' दाबायचा. एकदासुद्धा त्यानं वाचली नाही. आपणच लिहिलेलं पत्र आपल्याच डोळ्यांदेखत रोज फाडलं गेलं तर कसं वाटेल, याचा विचार करा.

मला कळत नव्हतं ते एवढंच, की इतका सज्जन म्हातारा माझ्या मुळावर का उठलाय. सोमेश्वर सकाळी आला की विचारायचा, "अप्पा, काल जाताना फॅन वाढविलता का?"

"वाढविलता की. सातच्या ठोक्याला," अप्पा सांगायचे.

"आन् तरीबी बंद पडलं?"

"मग वाढविल्यावर काय व्हणार दुसरं?" अप्पा म्हणायचे, पण तोवर सोमेश्वर प्रविणला फोन लावत असायचा.

मी काचेआडून बघत राहायचो. पट्टीला या माणसानं कधी हात लावला नाही आणि तोंडावर सांगतो वाढवला म्हणून. चाळीस वर्षं अचूक तोलून साखर दिलेला माणूस माझ्याबाबतीत इतकं खोटं बोलतो, याचं मला फार वाईट वाटायचं. माझ्या काचेवर सोमेश्वरनं अप्पांसाठी एक चिठ्ठी चिकटवली होती खरी. पण तिचं तोंड बाहेर होतं. मला तिची नुसती पाठ दिसायची, त्यामुळे तिच्यात काय आहे ते मला वाचता यायचं नाही. चिकटवताना सोमेश्वरनं विचारलं होतं, "कसा वाढवायचा ते ठाव हाय ना?" अप्पा म्हणाले होते, "चाळीस वर्सं वाढवतोय, मला शिकवतो व्हय?" सोमेश्वर हसून निघून गेला होता. कारण अप्पांच्या म्हणण्याप्रमाणे ते सगळ्याच गोष्टी चाळीस वर्षं करत आले आहेत, मोबाइल वापरणंसुद्धा.

मग माझ्यावर उपचार सुरू झाले. सोमेश्वरनं ते सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. मग जुनं टाकलं. मग दुसऱ्याच कंपनीचं टाकलं, पण पहिलं काढायला विसरला. एक म्हणे पंखा जोरात, दुसरं म्हणे हळू. प्रविणनं ते पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "एका खुर्चीवर दोन सरपंच बसवलेस बे तू," तो म्हणाला. त्यानं एक काढलं, मला उघडून आतली धूळ पंपानं उडवली, नवी पेस्ट लावली आणि सॉफ्टवेअरमधल्या सगळ्या चौकटींत बरोबरच्या खुणा केल्या. 'मशीन सुरू होताच सेटिंग लागू करा' यावरही केली. संध्याकाळी सातला अप्पांनी बटण पाडलं आणि सकाळी पट्टी पुन्हा डावीकडे. सोमेश्वरनं चहा घेतला, पाटीवर ओके दाबलं आणि प्रविणला म्हणाला, "फॅन वाढवूनबी बंद पडतंय. म्हंजी कार्डच गेलं. पठ्ठ्या संपला बे."

संपला म्हणे. मला इतका राग आला, की मी नुसत्या रागानंच पाच डिग्री तापलो.

या सगळ्यात एक सिनेमा अडकून पडला होता. सत्यभामाबाईंच्या मुलीचा, रोहिणीचा. लग्न वैशाखात झालं होतं आणि सत्यभामाबाई तेव्हापासून दर आठवड्याला बाजाराच्या पिशवीसकट दुकानात यायच्या. "झाली का क्यासेट?" असं विचारायच्या. कॅसेट जाऊन वीस वर्षं झाली, पण आम्ही त्यांना सुधारलं नाही. सोमेश्वर म्हणायचा, "परवा देतो, मावशी." असे पुष्कळ परवा झाले.

त्यांना अख्खा सिनेमा नकोच होता. स्वतःच्या मुलीच्या लग्नात अक्षता पडल्या तेव्हा त्या मांडवात नव्हत्या. ऐन मुहूर्ताला बुंदी कमी पडतेय असा निरोप आला, म्हणून त्या मंडपामागे आचाऱ्याकडे धावल्या. परत आल्या तेव्हा मुलीच्या गळ्यात हार होता आणि लोक जेवायच्या पंगतीकडे पळत होते. "मला बाकीचं काय नको. जेवणाचं तर दावूच नको, बुंदी बघितली की अजून आंग कापतं माझं," त्या सांगायच्या. "फकस्त अक्षदा दाव." तेवढा तुकडा दे असंही त्या म्हणून बघायच्या. पण मोठ्या कॅमेऱ्याची कच्ची फाइल त्यांच्या मोबाइलमध्ये चालत नव्हती. शिवाय कच्चं काम दाखवलं की नाव खराब होतं, असा सोमेश्वरचा हट्ट होता.

दिवाळी झाली आणि परवा म्हणायची सोय संपली. सत्यभामाबाईंची टोळी सोमवारी सकाळी दहाला ऊसतोडीला निघणार होती, पार कर्नाटकात. सहा महिने गाव नाही आणि मुलीची भेटही नाही. शनिवारी येऊन त्यांनी एवढंच सांगितलं, "सोमेश्वर, सोमवारी मी जाते. तिकडं पालावर मला ते बघायला पाहिजे." आरडाओरडा केला नाही. केला असता तर मला बरं वाटलं असतं.

रविवारी दिंद्रुडला शूटिंग होतं. सोमेश्वरनं दुपारीच रोहिणीचा सिनेमा पूर्ण जोडला, पाचला पक्का करायला लावला, फोनवर बोलत बोलत कॅमेऱ्याची बॅग उचलली आणि दारातून ओरडला, "अप्पा, आज लई महत्त्वाचं हाय, फॅन वाढवायचं इसरू नका." मीही मनात ठरवलं होतं, की आज जळून कोळसा झालो तरी चालेल, पण हे काम पुरं करायचं. पंखा अर्ध्यावर होता. मी तापत होतो आणि सात वाजायची भीती वाटत होती.

सहाला सत्यभामाबाई आल्या. सामान बांधून झालं होतं, घरी बसवेना, म्हणून दुकानातल्या बाकावर येऊन बसल्या. पडद्यावर एक हिरवी पट्टी मुंगीच्या चालीनं पुढे सरकत होती. ही पट्टी भरली की लग्न मोबाइलमध्ये येणार, असं अप्पांनी त्यांना समजावलं. मग त्या बघतच राहिल्या. सात वाजले. अप्पा उठले, उदबत्ती लावली, हात जोडले आणि बोर्डाकडे गेले.

"अप्पा, ते काय करता?" सत्यभामाबाईंनी विचारलं.

"दुकान वाढवितो की. सात वाजले."

"दुकान वाढवा, पर ह्याच्यात माझ्या रोहिणीचं लगीन चालू हाय. ते कावून वाढविता?"

बटणावरचं बोट तसंच ठेवून अप्पा म्हणाले, "आता पोरानंच तसं सांगितलं हाय, बाई. ती चिठ्ठी बघा. आन् आज तर दारातून वरडून गेला."

सत्यभामाबाई चौथी शिकलेल्या. त्या माझ्या काचेपाशी आल्या आणि बोट ठेवून एकेक शब्द मोठ्यानं वाचू लागल्या. ती चिठ्ठी मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. "अप्पा. जाताना. फॅन. वाढवा."

मित्रांनो, मी परदेशात जन्मलो, पुण्यात वाढलो. वाढवणं म्हणजे जास्त करणं, एवढंच मला माहीत. पण किराणा दुकानदार कधी 'दुकान बंद करतो' म्हणत नाही. बंद हा शब्द दुकानात तोंडातून काढायचा नसतो. तो 'दुकान वाढवतो' म्हणतो. दिवा विझवायचा असला तरी वाढवायचाच असतो. अप्पांनी चाळीस वर्षं रोज संध्याकाळी दुकान वाढवलं होतं. मुलानं फॅन वाढवायला सांगितला, तर त्यांनी तोही वाढवला, ज्या बटणावर चालतो ते बटण पाडून. त्यांनी एक दिवसही कसूर केली नव्हती. आणि मी त्यांना खोटारडा समजत होतो.

सत्यभामाबाई एकदम बाकावर बसल्या. मला वाटलं घेरी आली. पण त्या हसत होत्या, आणि हसता हसता डोळ्याला पदर लावत होत्या.

"ह्याच शब्दानं माझ्या अक्षदा गेल्या, अप्पा," त्या म्हणाल्या. "मी आचाऱ्याला सांगितलं, माणसं लई आलीत, बुंदी वाढवा. त्या बाबानं कढई उतरवून जाळ इझवला. म्हणला, तुमीच म्हणलात वाढवा. मग तिथं उभी ऱ्हाऊन परत जाळ करून घेतला, तवर हिकडं मंगलाष्टका उरकल्या. त्या बटनाला हात लावू नका. वाढवा म्हंजी जास्ती करा असंल."

अप्पांनी बोट काढलं आणि फोन लावला. फोन स्पीकरवर होता, त्यामुळे मलाही ऐकू आलं. "सोम्या, मला एक सांग. फॅन वाढवायचा म्हंजी बंद करायचा का जास्ती करायचा?"

पलीकडे बँडचा आवाज येत होता. त्यातून सोमेश्वर ओरडला, "अप्पा, तुमी रोज बंद करत व्हता?"

"तू रोज इचारायचास वाढविला का. मी रोज सांगायचो वाढविला. मधी कोण खोटं बोललं ते सांग."

खोटं कुणीच बोललं नव्हतं. सोमेश्वरनं मग फोनवरून शिकवलं. अप्पांनी माउस नावाचा उंदीर दोन्ही हातांनी धरला, पंख्याची खूण दाबली आणि दात-ओठ खाऊन ती पट्टी पार उजवीकडे नेली. माझे दोन्ही पंखे गरजले. उदबत्तीची राख उडून अप्पांच्या धोतरावर पडली. त्या रात्री ते घरी गेले नाहीत. कुणी चुकून बटण पाडू नये म्हणून बोर्डाखालीच खुर्ची टाकून बसले आणि तिथेच झोपले. मी मात्र एक क्षण थांबलो नाही.

सकाळी साडेनऊला सोमेश्वर धावत आला तेव्हा हिरवी पट्टी भरलेली होती. पाठोपाठ सत्यभामाबाई आल्या. फाट्यावर ट्रक उभा होता आणि मुकादम हॉर्नवर हॉर्न देत होता. सोमेश्वरनं फाइल त्यांच्या मोबाइलमध्ये टाकायला लावली आणि तोवर पडद्यावर अक्षतांचा भाग लावला. मी आयुष्यात शेकडो लग्नं रंगवली, पण ज्याच्यासाठी रंगवतो ते माणूस समोर उभं आहे, असं पहिल्यांदाच झालं. मी एकेक तांदूळ नीट रंगवला.

शेवटचं मंगलाष्टक चालू होतं. अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या, आणि रोहिणी नवरदेवाकडे बघायचं सोडून मान वळवून बाजूला बघायला लागली. आधी डावीकडे, मग उजवीकडे, मग टाचा उंचावून पार मागे.

सोमेश्वर ओशाळला. "मावशी, येवढा भाग कापायचा ऱ्हायला माझा. नवरी हिकडं तिकडं बघती, चांगलं दिसत न्हाई. दोन मिनिटांत काढून टाकतो."

"काढू नको," सत्यभामाबाई म्हणाल्या. "मला हुडकती हाय ती."

सोमेश्वरनं तो भाग पुन्हा मागे नेला. सत्यभामाबाईंनी तो तीनदा बघितला. मग मोबाइल ब्लाउजात ठेवला, अप्पांच्या पाया पडल्या आणि फाट्याकडे निघाल्या. जाता जाता माझ्या काचेला त्यांनी बोट लावून बघितलं. काच गरम होती. "ह्याला जरा इसावा द्या आता," त्या म्हणाल्या. सात वर्षांत मला विसावा द्या म्हणणाऱ्या त्या एकट्याच.

आता चिठ्ठी बदलली आहे. नव्या चिठ्ठीचं तोंड सोमेश्वरनं माझ्याकडे केलंय की बाहेर, ते विचारू नका. पण त्यात 'जास्त' असा शब्द आहे, असं मी ऐकतो. माझी सेटिंग आता टिकते. सकाळची ती पाटीही येत नाही, आणि खरं सांगायचं तर मला तिची थोडी आठवण येते.

मित्रांनो, तुमच्या घरीही माझा एखादा भाऊबंद असेल. त्याची धूळ महिन्यातून एकदा पुसा. मशीन नीट रीतसर बंद करा. पडद्यावर पाटी आली तर ओके दाबण्याआधी ती वाचा, कुणीतरी ती मनापासून रंगवलेली असते. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला काही सांगताना आपला शब्द त्याच्या कानात कोणत्या अर्थानं पोचतो, तेवढं एकदा विचारून घ्या.

माझंही वय झालं. एक दिवस माझे पंखे थांबतील. तेव्हा 'कार्ड जळालं', 'पठ्ठ्या संपला' असलं काही म्हणू नका. अप्पांना बोलवा. ते उदबत्ती लावतील, हात जोडतील आणि म्हणतील, कार्ड वाढवलं.